उतारवयातील तोल आणि पावलांचे बळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील व्याख्यान)



घरातील वर्षाचे बालक पहिले पाऊल टाकताना पडते तेव्हा सारे घर टाळ्या वाजवते. त्याच घरातील आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडतात तेव्हा मात्र सारे घर स्तब्ध होते. पडणे तेच, फरशीही तीच. परंतु बालकाच्या पडण्यात उद्याचे चालणे दडलेले असते, आणि आजोबांच्या पडण्यात उद्याचे अंथरूण दिसू लागते. हे अंथरूण अटळ आहे काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय होय. त्याचे उत्तर आरंभीच सांगावयाचे तर ते ‘नाही’ असे आहे. वार्धक्य अटळ आहे. पडणे बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतके गंभीर पडणे वर्षाकाठी ३ कोटी ७० लाखांहून अधिक वेळा घडते. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. पासष्टी ओलांडलेल्या दर तीन व्यक्तींपैकी साधारणतः एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. तेव्हा हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा राहिलेला नाही.

तरीही घराघरांत रक्तदाबाची नोंद ठेवली जाते, साखर तपासली जाते, हृदयाचा आलेख काढला जातो. तोलाची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. पडणे हा ‘योगायोग’ समजला जातो. पाय घसरला, चक्कर आली, दिवा नव्हता, एवढे बोलून विषय संपतो. वास्तविक पडणे ही एका क्षणाची घटना असली तरी तिची तयारी कित्येक वर्षे आत चाललेली असते.

पहिले पडणे आणि दुसरे पडणे

पुढील चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही. थोड्याफार फरकाने ते अनेक कुटुंबांत दिसते. बाजारपेठेत चाळीस वर्षे दुकान चालवलेले एक गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर. एके पहाटे न्हाणीघरातून बाहेर पडताना त्यांचा पाय घसरतो. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडत नाही, कोपर तेवढे खरचटते. मुले प्रेमळ, सून कर्तव्यदक्ष. त्या दिवसापासून सारे घर त्यांच्या सेवेस लागते. “दादा, तुम्ही उठू नका, पाणी मी आणतो.” “जिना चढू नका.” “दुकानात येण्याची काय आवश्यकता? हिशेबाच्या वह्या घरीच आणून देतो.” जेवणाचे ताट खोलीत येऊ लागते. हातून वर्तमानपत्र खाली पडले तरी नातू धावत येऊन उचलून देतो. गृहस्थांनाही मनातून भीती बसलेली असतेच. त्यामुळे ते हे सारे निमूटपणे स्वीकारतात. येणारे-जाणारे मुलांचे कौतुक करतात, आणि ते कौतुक यथार्थही असते.

वर्ष उलटते. आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. पावले लहान पडू लागतात, टाच उचलली जात नाही, चालणे फरफटत होते. आणि एका रात्री, घर निद्रिस्त असताना, ते एकटेच उठतात आणि पलंगापासून चार पावलांवर पडतात. या वेळी खुब्याचे हाड मोडते. रुग्णालय, शस्त्रक्रिया, वॉकर, अंथरूण. सारे घर एकच प्रश्न विचारीत राहते, “इतकी काळजी घेतली, तरी असे का व्हावे?”

उत्तर कठोर आहे, पण ते सांगणे आवश्यक आहे. काळजी घेतली गेली ती पडण्याच्या प्रसंगांची. पायांची कोणी घेतली नाही. पहिल्या पडण्याने शरीराची हानी किरकोळच झाली होती. खरी हानी त्यानंतरच्या वर्षभराच्या बसण्याने केली. भीतीमुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात, स्नायू दुबळे झाल्याने तोल जातो, आणि तोल गेल्याने भीती आणखी वाढते. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावे लागते. ते तोडण्याचे सर्वांत खात्रीचे स्थान म्हणजे पायांचे बळ.

तोल म्हणजे काय?

उभे असलेले मनुष्यशरीर हे खरे पाहता सतत पडू पाहणारे आणि सतत सावरले जाणारे शरीर आहे. हे सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता पोहोचते. पहिली डोळ्यांकडून: समोर काय आहे, पायरी किती उंच आहे. दुसरी अंतर्कर्णातील सूक्ष्म इंद्रियाकडून: डोके कोणत्या दिशेने कलले आहे. तिसरी पावलांचे तळवे, घोटे आणि सांधे यांच्याकडून: जमीन कशी आहे, भार कोणत्या पायावर आहे. या तिन्ही वार्तांचा मेळ घालून मेंदू क्षणार्धात स्नायूंना आज्ञा देतो आणि माणूस सावरतो.

वय वाढते तसे या व्यवस्थेत सर्वत्र थोडी थोडी तूट येऊ लागते. मोतीबिंदूमुळे दृष्टी मंदावते. मधुमेह असल्यास तळव्यांची संवेदना बोथट होते. अंतर्कर्ण पूर्वीइतका तत्पर राहत नाही. आज्ञा निघण्यास विलंब होतो, आणि निघालेली आज्ञा पाळण्याइतके बळ मांडीत व पोटरीत उरत नाही. व्यापारी भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक खात्यावर किरकोळ तूट असते. एकेक खाते पाहिले तर चिंतेचे कारण दिसत नाही. परंतु ताळेबंद मांडला म्हणजे मुद्दलालाच हात लागल्याचे ध्यानात येते.

आशेची गोष्ट ही की यांतील स्नायूंचे आणि सरावाचे खाते कोणत्याही वयात पुन्हा भरता येते. अमेरिकेतील बोस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंचे वजनाचे व्यायाम देण्यात आले. ज्यांनी तो क्रम पूर्ण केला त्यांच्या स्नायूंच्या बळात सरासरी १७४ टक्के वाढ झाली. म्हणजे जेथे एक भाग बळ होते तेथे पावणेतीन भाग झाले! “आता या वयात काय होणार?” या प्रश्नाला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

ड्युनेडिनचा प्रयोग

या विषयातील सर्वांत बोधप्रद कार्य न्यूझीलंड या छोट्या देशात झाले. त्या देशाच्या दक्षिण बेटावर ड्युनेडिन नावाचे शहर आहे. तेथील ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात प्राध्यापक जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन, मेलिंडा गार्डनर आणि त्यांचे सहकारी यांनी वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाच्या व्यायामांचा एक क्रम सिद्ध केला. तो जगभर ‘ओटागो व्यायामक्रम’ या नावाने ओळखला जातो.

त्यांच्या पहिल्या अभ्यासाचा वृत्तान्त १९९७ साली प्रसिद्ध झाला. ऐंशी वर्षे व त्यापुढील वयाच्या २३३ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्टने जाऊन प्रत्येकीच्या शक्तीनुसार व्यायाम शिकवले. दुसऱ्या गटाकडे केवळ स्नेहभेटी देण्यात आल्या. वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा स्नेहभेटींच्या गटात १५२ वेळा पडण्याची नोंद झाली होती, तर व्यायामाच्या गटात ८८ वेळा. दोन्ही गट जवळजवळ समसमान होते, वय तेच, शहर तेच. फरक केवळ व्यायामाचा.

पुढे असे आणखी अभ्यास झाले. पश्चिम ऑकलंड येथे पंचाहत्तरीपुढील २४० व्यक्तींना फिजिओथेरपिस्टऐवजी प्रशिक्षित परिचारिकेने व्यायाम शिकवले, तेथेही पडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले. चार अभ्यासांतील ६५ ते ९७ वर्षे वयाच्या एकूण १०१६ स्त्री-पुरुषांचा एकत्रित हिशेब २००२ साली मांडण्यात आला. पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि इजा होण्याचे प्रमाणही तितकेच कमी झाल्याचे दिसले. विशेष म्हणजे सर्वाधिक लाभ झाला तो ऐंशी ओलांडलेल्यांना. ज्यांच्याविषयी “आता राहू द्या” असे म्हटले जाते, नेमके तेच सर्वाधिक लाभाचे धनी ठरले.

त्यानंतर २०१९ साली जगातील २५ देशांतील १०८ अभ्यासांचा आणि २३ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्रित आढावा घेण्यात आला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, आणि तोलाच्या व्यायामांना स्नायूबळाच्या व्यायामांची जोड दिल्यास ते ३४ टक्क्यांपर्यंत घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे. चीनमधील ताई ची हा संथ गतीचा व्यायामही उपकारक असल्याचे त्यात आढळले. एक पाय हलकेच उचलून भार दुसऱ्यावर नेणे हेच त्याचे सूत्र आहे. आपल्याकडील ताडासन आणि वृक्षासन ही तोलाचीच आसने होत; मात्र ज्येष्ठांनी वृक्षासन भिंतीचा अथवा कठड्याचा आधार हाताशी ठेवूनच करावे, आणि पाऊल गुडघ्याच्या वर नेण्याचा हट्ट धरू नये.

केवळ फिरणे पुरेसे नाही

अनेक ज्येष्ठ नित्यनेमाने सकाळी फिरावयास जातात. ही सवय हृदयाला, मनाला आणि मधुमेहाला हितकारक आहे, ती सोडू नये. परंतु सपाट रस्त्यावरील चालण्याने तोलाची परीक्षा होत नाही. आणि ज्याची परीक्षा होत नाही ते सुधारत नाही. निरनिराळ्या अभ्यासांच्या आढाव्यांतून हेच दिसून आले आहे. तोलाला आव्हान देणारे व्यायाम आठवड्यातून तीन तासांहून अधिक केले तर पडण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ८८ अभ्यासांच्या आढाव्यात आढळले. आठवड्याला तीन तास म्हणजे दिवसाला केवळ पंचवीस-सव्वीस मिनिटे. ज्याने उभ्या आयुष्यात दुकानात दहा-दहा तास काढले त्याला पायांसाठी अर्धा तास काढणे जड जाऊ नये.

प्रथम स्वतःची परीक्षा

आपला तोल कितपत आहे हे घरीच अजमावता येते. कोणीतरी शेजारी उभे असावे आणि हाताशी भक्कम आधार असावा, एवढी दक्षता घ्यावी.

पहिली परीक्षा चार टप्प्यांची. दोन्ही पावले जुळवून उभे राहावे. नंतर एक पाऊल अर्धे पुढे सरकवावे. नंतर एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्यापुढे टेकवून, एका रेषेत उभे राहावे. शेवटी एका पायावर. प्रत्येक टप्प्यावर दहा सेकंद स्थिर राहता यावे. तिसरा टप्पा दहा सेकंद साधत नसेल तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा घड्याळ लावून करावयाची. खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर म्हणजे सुमारे दहा फूट जावे, वळावे, परत येऊन बसावे. यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट.

तिसरी परीक्षा न मागता होणारी आहे. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनी १९९७ साली नोंदवले की, चालता चालता कोणी बोलू लागले असता जे वृद्ध उत्तर देण्यासाठी थांबतात त्यांच्यात पडण्याचे प्रमाण फार मोठे असते. वृद्धाश्रमातील ५८ जणांपैकी असे थांबणारे १२ निघाले, आणि त्यांतील १० जण पुढील सहा महिन्यांत पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे एकाच वेळी पेलण्याइतकी शिल्लक मेंदूपाशी उरलेली नाही, असा याचा अर्थ. वडिलांबरोबर चालताना मुलांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

नित्याचा क्रम

पुढील व्यायाम ओटागो क्रमातील तत्त्वांना अनुसरून आहेत. ते स्वयंपाकघराचा ओटा, भिंतीतील भक्कम गज किंवा जड टेबल यांच्याजवळ करावेत. प्लास्टिकची हलकी खुर्ची आधारास घेऊ नये. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे राहू नये.

१. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, क्षणभर धरावा, सावकाश खाली आणावा. दहा वेळा, मग दुसरा पाय. मांडीचा पुढील स्नायू यामुळे बळकट होतो.

२. ओट्याला धरून उभे राहून एक पाय गुडघ्यात मागे वाकवावा. दहा वेळा. नंतर तोच पाय सरळ ठेवून बाजूला उचलावा. दहा वेळा. बाजूला उचलण्याचा व्यायाम खुब्याभोवतालच्या स्नायूंसाठी असून, तोल एका बाजूस कलला असता सावरण्याचे काम याच स्नायूंचे असते. हे सहज साधू लागले म्हणजे घोट्याला अर्ध्या-एक किलोचे वजन बांधावे. तयार वजने मिळतात. न मिळाल्यास मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवून तीत वाळू भरली तरी काम भागते.

३. आधार धरून टाचा उचलून चवड्यांवर यावे; मग चवडे उचलून टाचांवर यावे. प्रत्येकी दहा वेळा. चालताना पाऊल फरफटणे आणि सतरंजीच्या कडेत अडखळणे यावर हा उपाय आहे.

४. खुर्चीतून उठणे आणि बसणे. प्रथम दोन्ही हात टेकून, मग एका हाताने, शेवटी हात न लावता. पाचपासून आरंभ करून दहापर्यंत जावे. सर्व व्यायामांत एकच निवडावयाचा झाला तर हा निवडावा. ज्याला हात न टेकता उठता येते त्याचे स्वातंत्र्य शाबूत आहे.

५. ओट्याच्या कडेने आडवे चालणे, दहा पावले उजवीकडे, दहा डावीकडे. त्यानंतर मागे मागे चालणे, तेही आधार धरूनच.

६. एका रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावले चालणे. फरशीची सांध ही आयती रेषा असते.

७. एका पायावर उभे राहणे, दहा सेकंद, दोन्ही पायांवर. प्रथम दोन्ही हातांचा आधार, मग एका हाताचा, मग बोटांच्या टोकांचा.

८. इंग्रजी आठच्या आकारात चालणे आणि वळणे. पुष्कळजण सरळ चालताना नव्हे, तर वळताना पडतात.

या क्रमास सुमारे अर्धा तास लागतो. बळाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड करावेत. तोलाचे व्यायाम रोज केले तरी चालतात. आधार हळूहळू कमी करीत जाणे यातच सारी प्रगती आहे. व्यायाम जेव्हा अगदी सोपा वाटू लागतो तेव्हा तो निरुपयोगी होऊ लागलेला असतो. तेव्हा एक पायरी वर चढावे. स्नायू थोडे दुखले तर भिण्याचे कारण नाही. परंतु छातीत दुखणे, भोवळ येणे, दम लागून बोलता न येणे किंवा सांध्यात तीव्र कळ येणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, ठिसूळ हाडे, पक्षाघात, सांधेरोपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यावाचून आरंभ करू नये.

व्यायामाच्या जोडीला

व्यायाम हा पाया खरा. परंतु घर आणि औषधे यांच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्यांची दृष्टी फारच क्षीण झाली आहे अशा ३९१ वृद्धांवर न्यूझीलंडमध्येच झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातील धोके दूर केल्याने पडण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. तेथे व्यायामापेक्षा घराची सुधारणाच अधिक उपयोगी पडली. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला गज, कोरडी राहणारी फरशी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा, घडी पडणारी पायपुसणी हद्दपार: एवढे केले तरी अर्धे काम होते. वस्त्रांचाही विचार व्हावा. जमिनीवर लोळणारे धोतर, पायात येणाऱ्या निऱ्या आणि लांब पायजमा यांनी किती जणांना पाडले असेल याची गणती नाही. वस्त्र घोट्याच्या वर राहील असेच असावे. मागे पट्टा नसलेली, तळ झिजलेली चप्पलही त्याज्यच.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया “थोडे दिवस चालवून घेऊ” म्हणून लांबवू नये. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून जिन्याची खालची पायरी अस्पष्ट दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

औषधांच्या बाबतीत सावधानता हवी. झोपेच्या आणि मन शांत ठेवण्याच्या गोळ्या हे पडण्याचे मोठे कारण आहे. ओटागोच्याच संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ९३ जणांवरील अभ्यासात, अशा गोळ्या हळूहळू बंद केलेल्यांमध्ये पडण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांनी घटले. मात्र अभ्यास संपताच त्यांतील अनेकांनी त्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या! सवय सुटणे किती अवघड असते याचा हा पुरावा होय. या गोळ्या एकाएकी आणि आपल्या मनाने बंद करणे घातक ठरते. डॉक्टरांकडूनच त्यांचा फेरविचार करून घ्यावा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. ब-१२ हे जीवनसत्त्व शाकाहारात दूध-दह्यावाचून फारसे मिळत नाही, आणि वयानुसार त्याचे शोषणही घटते. त्याच्या अभावी पावले बधिर होतात, अंधारात तोल जातो. साध्या रक्ततपासणीने हे कळते आणि उपचारही सोपा आहे. दुसरे असे की, ज्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत त्यांनी उपवासाच्या दिवशी मात्रा काय असावी हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे. साखर अथवा रक्तदाब अचानक उतरला की भोवळ येते.

औषधाने व्यायामाची भरपाई होईल, या भ्रमातही राहू नये. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील २२५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘ड’ जीवनसत्त्वाची वर्षातून एकदाच मोठी मात्रा देण्यात आली. पडणे कमी होण्याऐवजी ते १५ टक्क्यांनी वाढले! कमतरता असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य मात्रेत भरून काढावी. परंतु पायांचे काम गोळीवर सोपवू नये.

पडल्यावर काय करावे?

इतके करूनही कोणी पडलेच तर घरच्यांनी काखेत हात घालून लगेच ओढून उठवू नये. प्रथम विचारावे, पाहावे. खुब्यात तीव्र वेदना असेल, पाय आखूड वा वाकडा दिसत असेल, डोक्यास मार लागला असेल तर न हलवता मदत बोलवावी. इजा नसेल तर पडलेल्या व्यक्तीने कुशीवर वळावे, हाता-गुडघ्यांवर यावे, रांगत भक्कम खुर्चीपाशी जावे, दोन्ही हात तिच्यावर टेकून एक पाऊल पुढे ठेवावे आणि सावकाश उठून बसावे. हा सराव धडधाकट असतानाच करून ठेवावा. पूर्वी जेवण, वाचन, श्रवण, सारे जमिनीवर बसून होत असे; त्यामुळे दिवसातून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम न मागता घडे. टेबल-खुर्ची आली आणि तो व्यायाम गेला. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी दिवसातून एकदा तरी आधार घेऊन जमिनीवर बसावे आणि उठावे.

आणि पडल्याची गोष्ट लपवू नये. मुलांना चिंता नको म्हणून, किंवा आपले बाहेर जाणे बंद होईल या धास्तीने, अनेक ज्येष्ठ पहिले पडणे मनातच ठेवतात. पहिले पडणे ही निसर्गाने पाठवलेली सूचना असते. ती वाचून दाखवली तर दुसरे पडणे टळू शकते.

समारोप

शेवटचे शब्द आहेत ते तरुण मंडळींसाठी. आई-वडिलांच्या सेवेत कसूर करावी असे येथे कोणीही सुचवीत नाही. परंतु सेवेचे स्वरूप बदलावे लागेल. जे काम त्यांना सावकाश का होईना जमते ते त्यांच्या हातून काढून घेऊ नये. पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः भरू द्यावा. दुकानात यावेसे वाटत असेल तर येऊ द्यावे. दोन पायऱ्या चढताना शेजारी चालावे, उचलून नेऊ नये. व्यायामाच्या वेळी “करा” असे सांगून निघून न जाता अर्धा तास बरोबरीने करावा. पन्नाशीतील मुलालाही त्याची तितकीच गरज आहे. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ व्यक्तींची पाहणी झाली, तिचा वृत्तान्त २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना एका पायावर दहा सेकंद उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढील सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. तोल गेल्याने मृत्यू येतो असा याचा अर्थ नव्हे. तोल हा साऱ्या प्रकृतीचा आरसा आहे, एवढाच याचा अर्थ.

आज सभागृहातून घरी गेल्यावर प्रत्येक ज्येष्ठाने स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून एक पाय उचलावा आणि दहापर्यंत अंक मोजावेत. मुलाने, सुनेने अथवा नातवाने शेजारी उभे राहावे, परंतु हात धरू नये. बालकाच्या पहिल्या पावलाला ज्या घरात टाळ्या वाजल्या, त्या घरात या दहा सेकंदांनाही टाळ्या वाजाव्यात.